सहसंस्थापक कसा निवडावा: दोन कोऱ्या कागदांपासून करारापर्यंत

दोन कोरे कागद घ्या. ज्याच्यासोबत धंदा सुरू करायचा विचार आहे त्याला समोर बसवा आणि एकमेकांचं न बघता दोघंही पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. पगाराशिवाय मी किती महिने काढू शकतो? कंपनीत माझा हिस्सा किती असावा? दोघांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? दहा वर्षांनी ही कंपनी कशी असावी? आणि काय झालं तर मी हे सगळं सोडून देईन?

दोन मित्रांकडून मी हे करून घेतलं होतं. आठ वर्षं एकाच ऑफिसात शेजारी बसलेले, नोकरी सोडायची तारीखसुद्धा ठरलेली. लिहून झाल्यावर दोघांनी कागद एकदमच सरळ केले. पहिल्याने स्वतःसाठी ७० टक्के लिहिले होते, दुसऱ्याने ५०. बेरीज १२०. पगाराशिवाय एक जण दोन वर्षं थांबू शकत होता, दुसरा जेमतेम सहा महिने. दुसरा त्या ७० च्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे धंदा तुझा, आणि मी मदतीला?" आठ वर्षांत हा प्रश्न त्यांच्यात एकदाही निघाला नव्हता. त्या दिवशी काहीच न ठरवता दोघं उठले. चार महिन्यांनी त्यांनी कंपनी काढली, पण वेगळ्या अटींवर: हिस्सा ६०-४०, आणि ज्याची बचत कमी होती त्याला पहिल्या महिन्यापासून थोडा पगार.

हे कागद भरण्याआधी काय करायचं आणि भरल्यावर काय करायचं, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: सहसंस्थापक हवाच आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण गाळतात. सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या गोष्टीत दोन-तीन जण असतात, म्हणून आपल्यालाही कुणीतरी हवंच असं वाटतं. पण जेफ बेझोसने १९९४ मध्ये ॲमेझॉन एकट्याने स्थापन केली. पिएर ओमिड्यारने १९९५ मध्ये ईबेची पहिली वेबसाइट स्वतःच लिहिली, आणि जेफ स्कोल त्यानंतर आला. म्हणजे एकट्याने सुरुवात करून योग्य माणूस नंतर जोडून घेता येतो. चुकीचा माणूस आधी जोडला तर त्याला वेगळं करणं फार महाग पडतं.

तेव्हा कारण तपासा. "एकट्याला भीती वाटते" हे कारण खरं असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्यावर अनुभवी सल्लागार, धंदा करणारे दोन-चार मित्र किंवा घरातलं समजूतदार माणूसही पुरतं. त्यासाठी कंपनीचा तिसरा हिस्सा देऊन टाकायची गरज नाही. "मला कोडिंग येत नाही" किंवा "मला हिशेब जमत नाही" असं कारण असेल तर पुढचा प्रश्न विचारा: हे काम पगार देऊन करून घेता येईल का? हिशेब बहुतेक वेळा असा करून घेता येतो. पण तुमचं उत्पादनच सॉफ्टवेअर असेल, रोज त्यात दहा निर्णय घ्यायचे असतील आणि त्यातला एकही तुम्हाला समजत नसेल, तर तिथे नोकर पुरणार नाही. तिथे मालकाच्या काळजीने निर्णय घेणारं माणूस लागतं.

दुसरी पायरी: रिकामी जागा नेमकी कोणती ते लिहा

"टेक्निकल माणूस हवा", "मार्केटिंगवाला हवा" असं लिहून भागत नाही. पुढच्या बारा महिन्यांत कोणकोणती कामं करावी लागतील त्यांची यादी करा. प्रत्येक कामापुढे लिहा: मला येतं, मी शिकू शकतो, विकत घेता येईल, किंवा यातलं काहीच नाही. शेवटच्या रकान्यात जी कामं उरतात, ती ज्याला येतात तो तुमचा माणूस. त्या रकान्यात काहीच उरलं नाही तर पुन्हा पहिल्या पायरीवर या.

प्रवाशांना लोकांच्या घरी राहायची सोय करून देणाऱ्या एअरबीएनबीचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया दोघेही डिझाइन शिकलेले. कल्पना त्यांची, पहिले पाहुणे त्यांच्याच फ्लॅटवर राहिलेले. पण वेबसाइट उभी करून ती चालवत ठेवणं दोघांच्याही आवाक्याबाहेर होतं. तिसरा आला नेथन ब्लेचार्झिक, इंजिनिअर, पूर्वी गेबियाचा रूममेट. त्यांनी तिसरा डिझायनर घेतला असता तर गप्पा जास्त रंगल्या असत्या, पण साइट उभी राहिली नसती.

आपल्यासारखाच विचार करणारं माणूस पहिल्या भेटीत आवडतं, कारण वाक्य अर्धं सोडलं तरी ते पूर्ण करतं. तेवढ्यासाठी त्याला भागीदार करू नका. मूल्यं सारखी हवीत आणि कसब वेगळं हवं. उलटं झालं तर फार त्रास होतो.

तिसरी पायरी: शोधायचं कुठे

सगळ्यांत आधी, ज्यांच्यासोबत तुम्ही प्रत्यक्ष काम केलं आहे अशा वीस जणांची नावं लिहा. जुने सहकारी, एखाद्या प्रोजेक्टमधले जोडीदार, ज्यांच्याकडून तुम्ही काम करून घेतलंत ते, ज्यांनी तुमच्याकडून करून घेतलं ते. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: डेडलाइन हुकायला आली तेव्हा हा माणूस कसा वागला? याचं उत्तर आठवत असेल तर तुमच्याकडे अशी माहिती आहे जी दहा मुलाखतींतून मिळणार नाही.

मित्र आणि नातेवाईक यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे. विश्वास आधीपासून असतो हा मोठा फायदा. पण मैत्री टिकवायची म्हणून आपण पैशाचं, आळसाचं, चुकीच्या निर्णयाचं बोलणं टाळतो, आणि धंद्यात तेच बोलणं रोज करावं लागतं. मित्रासोबत धंदा करायचाच असेल तर या लेखातली एकही पायरी "आपल्यात कशाला" म्हणून गाळू नका. मित्र आहे म्हणून उलट जास्त काटेकोर राहा.

अनोळखी माणसाशी जोडी जमतच नाही असं नाही. ड्रू ह्यूस्टनने २००७ मध्ये ड्रॉपबॉक्ससाठी वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा त्याला सहसंस्थापक शोधायला सांगितलं गेलं. मित्राच्या ओळखीने अराश फर्दोसी भेटला, आणि पदवी अगदी जवळ आलेली असताना त्याने एमआयटी सोडली. घाईत जमलेली जोडी होती, पण त्यातला एक भाग लक्षात ठेवा: फर्दोसीने पहिल्याच महिन्यात स्वतःचं काहीतरी पणाला लावलं. "तुमचं चालू द्या, जमलं की मी येतो" म्हणणारा माणूस सल्लागार होऊ शकतो, हितचिंतक होऊ शकतो. त्याला संस्थापकाचा हिस्सा देऊ नका.

चौथी पायरी: आधी एक छोटं काम सोबत करा

पूर्ण लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

सहा ते आठ आठवड्यांचं एक खरं काम ठरवा. खरं म्हणजे तीन अटी: बाहेरचा ग्राहक असावा, ठरलेली तारीख असावी आणि थोडे का होईना पैसे हातात यावेत. वीकेंडला बसून आराखडे काढणं यात धरू नका. आराखड्याच्या पातळीवर सगळ्यांचं जमतं. ग्राहक फोनवर चिडलेला असतो, माल किंवा कोड वेळेवर तयार नसतो, आणि दोघांपैकी एकाला तो फोन उचलायचा असतो, तेव्हा माणूस दिसतो.

या काळात काय बघायचं? वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोहोचते ते बघा. "गुरुवारी द्यायचं होतं, जमेलसं दिसत नाही" हे तो मंगळवारी सांगतो की शुक्रवारी तुम्ही विचारल्यावर? माझ्या अनुभवात या एका सवयीवरून पुढची पाच वर्षं कशी जातील याचा बराच अंदाज येतो. मग कंटाळवाणं काम कोण करतं ते बघा: बिलं पाठवणं, उधारी वसूल करणं, ग्राहकाचे पंधरा प्रश्न असलेल्या मेलला उत्तर देणं. एकच माणूस नेहमी "मोठं चित्र" बघत असेल आणि दुसरा नेहमी बाकीचं निस्तरत असेल, तर ती वाटणी कंपनीतही तशीच राहणार.

आणि एकदा तरी मतभेद होऊ द्या. मुद्दाम भांडण उकरून काढायचं नाही, पण एखादा मुद्दा तुम्हाला पटत नसेल तर तो गिळू नका. समोरचा आवाज चढवतो का, गप्प बसून दोन दिवसांनी टोमणा मारतो का, की म्हणतो "थांब, तुझं म्हणणं नीट सांग"? तुम्ही स्वतः काय करता तेही बघा, कारण तोही तुम्हाला निवडतोच आहे.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. माझ्या पहिल्या धंद्यात भागीदाराशी माझं अकरा महिने एकदाही भांडण झालं नाही, आणि मी ते सगळ्यांना अभिमानाने सांगायचो. बाराव्या महिन्यात कळलं की त्याने सहा आठवड्यांपूर्वीच दुसरीकडे नोकरी पक्की केली होती. मी विचारल्यावर तो म्हणाला, "मला तिसऱ्या महिन्यापासूनच पटत नव्हतं." तो वाईट माणूस नव्हता. नऊ महिने त्याने गिळलं आणि मी विचारलं नाही. आमच्यातली शांतता मी एकमत समजत होतो.

सोबत काम चालू असतानाच त्याच्याबद्दल चौकशीही करा. जुन्या बॉसला विचारायला हरकत नाही, पण खरी माहिती त्याच्या हाताखाली काम केलेल्यांकडून मिळते. त्यांना एवढंच विचारा: "पुन्हा त्याच्यासोबत काम कराल का?" उत्तराआधी किती वेळ जातो तेही ऐका. ही चौकशी लपूनछपून करू नका. त्याला सांगून करा, आणि तुमच्याबद्दल चौकशी करायला चार नंबर त्यालाही द्या.

पाचवी पायरी: कागद भरा, आणि जोखीम कुणावर किती ते बघा

आता सुरुवातीला सांगितलेले दोन कागद काढा. पाच प्रश्नांतला पहिला, पगाराशिवाय किती महिने, हा सगळ्यांत साधा वाटतो, पण सगळ्यांत जास्त जोड्या तिथे अडतात. एकाच्या डोक्यावर कर्ज आहे, दुसऱ्याचा जोडीदार कमावतो. एक पंचविशीचा, दुसऱ्याला शाळेत जाणारी दोन मुलं. दोघांची मेहनत सारखी असली तरी जोखीम सारखी नसते.

ॲपलची सुरुवात बघा. १ एप्रिल १९७६ च्या भागीदारी करारावर तीन सह्या होत्या. स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझ्नियॅक यांचा हिस्सा प्रत्येकी ४५ टक्के, आणि रोनाल्ड वेन यांचा १०. करारपत्र वेन यांनीच तयार केलं होतं. अवघ्या बारा दिवसांत त्यांनी अंग काढून घेतलं आणि हिश्शापोटी ८०० डॉलर्स घेतले. पहिली ऑर्डर पूर्ण करण्यासाठी जॉब्स सुटे भाग उधारीवर उचलणार होता. साध्या भागीदारीत कंपनीचं देणं हे प्रत्येक भागीदाराचं वैयक्तिक देणं असतं. ऑर्डरचे पैसे बुडाले असते तर घेणेकरी कुणाच्या दारात गेले असते? दोन तरुण स्टीव्हकडे जप्त करण्यासारखं फारसं काही नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या वेन यांच्याकडे होतं. पुढे त्या १० टक्क्यांची किंमत काय झाली असती ते सांगून लोक हळहळतात. मला मात्र त्या दिवशीचा त्यांचा हिशेब चुकीचा वाटत नाही. जी गोष्ट सहीच्या आधी बोलायची ती बाराव्या दिवशी समोर आली, एवढंच.

तेव्हा प्रत्येकाने आपली बचत, कर्ज, घरची जबाबदारी समोरच्याला आकड्यांत सांगावी. संकोच वाटेल. पण हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासोबत बँकेत संयुक्त सही कशी करणार? आणि धंद्याचं कायदेशीर स्वरूप असं निवडा की कंपनीचं देणं थेट घरावर येणार नाही.

सहावी पायरी: हिस्सा ठरवा

ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ मध्ये आपल्या कंपनीच्या, म्हणजे एचपीच्या, नावात कुणाचं आडनाव आधी यावं यासाठी नाणं उडवलं. नावासाठी ते ठीक. हिश्शाचं असं करता येत नाही.

"निम्मं-निम्मं करून टाकू" हे वाक्य बहुतेक वेळा न्यायासाठी म्हटलं जात नाही, बोलणं संपवण्यासाठी म्हटलं जातं. निम्मा वाटा चुकीचा नाही. दोघं एकाच दिवशी, सारख्या जोखमीने, पूर्ण वेळ उतरत असतील तर तोच योग्य. पण तो चर्चेअंती यावा. आणि ५०-५० असेल तर मत अडलं की गाडी जागच्या जागी थांबते, म्हणून कोणत्या विषयात शेवटचा शब्द कुणाचा हे आधीच लिहून ठेवावं लागतं.

मायक्रोसॉफ्टमध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांचा हिस्सा सुरुवातीला ६०-४० ठरला आणि नंतर ६४-३६ झाला. आपण निम्मा-निम्मा धरून चाललो होतो, असं ॲलन यांनी अनेक वर्षांनी लिहिलं. म्हणजे आकडा ठरला तेव्हा एकाच्या मनात वेगळा आकडा होता, आणि तो त्याच्या मनातून कधी गेला नाही.

आकडा ठरवताना भूतकाळापेक्षा भविष्याला वजन द्या. "कल्पना माझी" याचं थोडं मोल आहे, पण पुढची पाच-सात वर्षं रोजचं काम कोण करणार याचं कितीतरी जास्त. पैसे कुणी घातले, नोकरी कुणी सोडली, पूर्ण वेळ कोण, अर्धवेळ कोण, हे सगळं मांडा. एकाने भांडवल घातलं असेल तर ते शक्यतो कर्ज किंवा गुंतवणूक म्हणून वेगळं नोंदवा, मेहनतीच्या हिश्शात मिसळू नका. मिसळलं की तीन वर्षांनी कुणालाच आठवत नाही कोणता टक्का कशाबद्दलचा होता.

मग व्हेस्टिंग. हा शब्द नवीन असेल तर नीट समजून घ्या, कारण नवख्या संस्थापकांचं सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं. हिस्सा पहिल्या दिवशी ठरतो, पण पदरात पडतो काम करत राहाल तसा. सर्वसाधारण पद्धत चार वर्षांची, त्यात पहिलं वर्ष क्लिफचं, म्हणजे ते पूर्ण होईपर्यंत पदरात काहीच पडत नाही. समजा तुमच्या भागीदाराचा हिस्सा ४० टक्के आहे. दहाव्या महिन्यात तो सोडून गेला तर त्याला काहीच मिळत नाही. वर्ष पूर्ण झालं की एकदम १० टक्के त्याचे होतात, आणि पुढे दर महिन्याला थोडे थोडे. दीड वर्षाने गेला तर ४८ पैकी १८ महिने भरले, म्हणून १५ टक्के घेऊन जातो. उरलेले २५ कंपनीत राहतात आणि त्याच्या जागी येणाऱ्या माणसाला देता येतात.

व्हेस्टिंग नसेल तर तो दहाव्या महिन्यात ४० टक्के घेऊन जातो आणि तुम्ही पुढची सात वर्षं त्याच्यासाठी राबता. गुंतवणूकदार असा हिस्सेदारीचा तक्ता बघून मागे फिरतात. हा नियम तुम्हालाही लागू ठेवा, कल्पना तुमची असली तरी. भागीदाराचा विश्वास तिथेच बसतो.

संस्थापक कोण आणि नुसता मदतनीस कोण, हेही याच टप्प्यावर स्पष्ट करा. स्नॅपचॅटच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत सोबत असलेल्या रेजी ब्राऊनने आपल्याला बाजूला काढलं म्हणून दावा लावला. २०१४ मध्ये तडजोड झाली, आणि कंपनी शेअर बाजारात येताना २०१७ मध्ये तिने जाहीर केलेल्या कागदपत्रांत तडजोडीची रक्कम दिसली: १५ कोटी ७५ लाख डॉलर्स. सुरुवातीचा प्रश्न मात्र एवढाच होता की या माणसाचा वाटा काय.

सातवी पायरी: करार

वकिलाकडे जाण्याआधी दोघांनी साध्या भाषेत दोन पानं लिहा. हिस्सा आणि व्हेस्टिंग. कुणाकडे कोणतं खातं आणि त्यात शेवटचा शब्द कुणाचा. एकट्याच्या सहीने किती खर्च करता येईल. बाहेरचं काम करायला परवानगी आहे का. धंद्यासाठी लिहिलेला कोड, काढलेलं डिझाइन, बनवलेलं नाव हे सगळं कंपनीच्या मालकीचं, व्यक्तीच्या नाही. हे कलम विसरलं तर पुढे कंपनी विकताना किंवा गुंतवणूक घेताना सगळं अडकतं. आणि कुणी सोडून गेलं, आजारी पडलं, वारलं, तर त्याच्या हिश्शाचं काय आणि त्याची किंमत कशी काढायची.

ही दोन पानं घेऊन वकिलाकडे जा. सही करण्याआधी दोघांनीही करार आपापल्या विश्वासातल्या वेगळ्या माणसाकडून वाचून घ्यावा. यात अविश्वास नाही. उलट समोरचा म्हणाला की "कशाला दुसऱ्याला दाखवतोस", तर तिथे थांबा.

नाही म्हणायचं असेल तर

सहा आठवडे सोबत काम केल्यावर मन होकार देत नसेल, तर तसं सांगा. "आपलं काम चांगलं झालं, पण पैशाच्या बाबतीत आपण फार वेगळा विचार करतो, म्हणून भागीदारी नको" एवढं पुरे. कारण खरं सांगा आणि एकच सांगा. झालेल्या कामाचे पैसे त्याच आठवड्यात वाटून टाका. "बघू, ठरवू" करत महिनोन्महिने लोंबकळत ठेवलेल्या माणसाला राग येतो, आणि तो रागावला तर त्याचं चूक नाही.

पहिलं वर्ष

आठवड्यातून एक तास असा ठेवा ज्यात धंद्याचं काहीही बोलायचं नाही, फक्त दोघांच्या जोडीचं. या आठवड्यात माझं काय खटकलं? तुझ्यावर जास्त भार पडतोय का? घरी सगळं ठीक आहे ना? पहिले काही आठवडे अवघड जाईल, दोघंही मोबाइल बघत बसाल. तरी बसा.

आणि ते पाच प्रश्नांचे कागद फेकू नका, करारासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. सही झाली त्या दिवसापासून दर तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर टाका. त्या तारखेला जुनं न वाचता तेच पाच प्रश्न पुन्हा लिहा, मग जुना कागद शेजारी ठेवा. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोघांनी पहिल्या वर्षाअखेरीस हे केलं, तेव्हा "काय झालं तर सोडून देईन" यापुढे एकाने पूर्वीसारखंच पैशाचं कारण लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, "तू मला न विचारता मोठा निर्णय घेतलास तर." त्याच संध्याकाळी त्यांनी करारातली एकट्याने खर्च करायची मर्यादा निम्म्यावर आणली.